पीआयडी की फझी? एकाच भट्टीत ८५० आणि २०० अंश सांभाळण्याचा प्रश्न

भट्टीकर

नमस्कार. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझे हीट ट्रीटमेंटचे छोटे युनिट आहे. साठ किलोवॅटची विजेवर चालणारी एक चेंबर भट्टी आहे आणि सध्या हार्डनिंग (पोलाद तापवून कडक करणे) व टेम्परिंग (नंतर कमी तापमानावर ठेवून त्याचा ठिसूळपणा कमी करणे) ही दोन्ही कामे तिच्यातच करावी लागतात. ८५० अंशांवर भट्टी उत्तम चालते. तापमान सेटपॉइंटच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या तापमानाच्या, दोन-तीन अंश इकडेतिकडे राहते. पण त्याच भट्टीत २०० अंशांवर टेम्परिंग घेतले की तापमान २३०-२३५ पर्यंत चढते आणि खाली उतरायला पाऊण ते एक तास घेते. तेवढ्यात जॉबची (भट्टीत घातलेल्या भागाची) हार्डनेस उतरते आणि माल परत येतो. गेल्या दोन महिन्यांत असे चार वेळा झाले.

कंट्रोलर साधा पीआयडी आहे, म्हणजे आत्ताची चूक, साचलेली चूक आणि चुकीचा वेग या तिन्हींवरून हीटरचे आउटपुट ठरवणारा, आणि त्याचे ऑटोट्यून (त्याचे आकडे आपोआप ठरवणे) ८५० अंशांवर केलेले आहे. एका विक्रेत्याने फझी (‘थोडे’, ‘फार’ अशा शब्दांतल्या नियमांवर चालणारा) आणि न्यूरल (नोंदींवरून शिकणारा) यांचा मेळ असलेला कंट्रोलर सुचवला आहे, त्याची किंमत सध्याच्या कंट्रोलरच्या सहापट आहे. माझी भाची अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या सिम्युलेशनमध्ये फझी लावल्यावर ओव्हरशूट (सेटपॉइंटच्या वर चढणे) जवळजवळ नाहीसा झाला. खर्च करण्यापूर्वी मला जाणून घ्यायचे आहे की प्रत्यक्ष चालत्या यंत्रावर या दोन पद्धतींत खरा फरक कोठे पडतो. ज्यांनी दोन्ही वापरून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तपोवन

थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) नेमके कोठे बसवले आहे आणि भट्टीत हवा फिरवणारा पंखा आहे का, हे आधी सांगा.

गोदातीर

भट्टीकर, मी एकलहरेच्या औष्णिक केंद्रात, २१० मेगावॉटच्या संचांवर, उपकरण विभागात बरीच वर्षे काम केले. तिथला एक अनुभव तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतो.

बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी सांभाळणे हे वरवर अगदी सोपे काम वाटते: पातळी खाली गेली की पाणी वाढवायचे, वर गेली की कमी करायचे. पण टर्बाइनने एकदम जास्त वाफ मागितली की ड्रममधला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाणी प्रत्यक्षात कमी होत असतानाही पातळी चढलेली दिसते. केवळ पातळीकडे पाहणारा नियंत्रक अशा वेळी नेमका पाणी तोडतो. त्याचे ट्यूनिंग कितीही बारकाईने केले तरी उपयोग होत नाही, कारण त्याला मिळणारी माहितीच त्या क्षणी फसवी असते. यावरचा उपाय म्हणजे तीन मोजमापांचा लूप (मोजायचे आणि त्यावरून दुरुस्त करायचे हे चक्र). वाफेचा प्रवाह मोजून तेवढे पाणी आधीच मागायचे, पाण्याचा प्रवाह मोजून तो आतल्या लूपने सांभाळायचा, आणि पातळीने फक्त उरलेली चूक हळूहळू दुरुस्त करायची. तिन्ही ठिकाणी गणित तेच जुने पीआयचे (चुकीच्या वेगाचा भाग वगळलेल्या पीआयडीचे) असते. बदलते ती रचना.

म्हणून माझे म्हणणे असे की कंट्रोलर बदलण्यापूर्वी त्याला काय दिसते आणि त्याच्या हातात काय आहे, हे तपासावे. तुमच्या भट्टीला तापवता येते, थंड करता येत नाही. एकदा २३५ अंश झाले की पीआयडी असो वा फझी, आउटपुट शून्य करून वाट पाहण्यापलीकडे दोघांनाही काही करता येत नाही. जे काही करायचे ते २०० च्या अलीकडेच करावे लागेल.

भट्टीकर

तपोवन, थर्मोकपल छतातून खाली आलेले आहे, हीटरपासून वीतभर अंतरावर. त्याला जाड सिरॅमिकचे आवरण आहे. पंखा नाही.

नियंत्रणशाळा

पंखा नाही, हे कळल्यावर बराच उलगडा होतो. थोडे गणित मांडतो.

पंखा नसलेल्या भट्टीत जॉबला उष्णता मुख्यतः प्रारणाने मिळते. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे किती उष्णता वाहते हे साधारणपणे तिसऱ्या घाताने बदलते. ८५० अंश म्हणजे ११२३ केल्विन आणि २०० अंश म्हणजे ४७३ केल्विन. या दोहोंचे गुणोत्तर सुमारे २.३७ येते आणि त्याचा घन १३ च्या पुढे जातो. म्हणजेच २०० अंशांवर हीटरकडून जॉबकडे उष्णता जाण्याचा मार्ग तेरापटींहून अधिक अरुंद झालेला असतो. हीटर आणि विटा तापून बसतात, जॉब मागे रेंगाळतो, आणि जाड आवरणातल्या थर्मोकपलला हे सगळे उशिरा कळते. ८५० वर ठरवलेले पीआयडीचे आकडे या वेगळ्याच भट्टीला लावल्यासारखे आहेत.

त्यात इंटिग्रलची, म्हणजे पीआयडीतल्या साचत जाणाऱ्या चुकीच्या बेरजेची, भर पडते. थंड भट्टीपासून सुरुवात केली की बराच वेळ आउटपुट शंभर टक्क्यांवर अडकलेले असते आणि तेवढा वेळ इंटिग्रल फुगत राहतो. सेटपॉइंट गाठल्यावरही तो फुगवटा ओसरेपर्यंत हीटर चालूच राहतो. चांगल्या कंट्रोलरमध्ये यावर बंदोबस्त असतो, पण तो चालू केलेला आहे का ते पाहावे लागते.

आता सिम्युलेशनमधल्या तुलनेबद्दल, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. दरवर्षी माझ्याकडे येणाऱ्या अहवालांत एकच आलेख असतो: पीआयडीची रेघ उसळते आणि फझीची रेघ अलगद सेटपॉइंटला टेकते. पीआयडीचे आकडे कोठून आणले असे विचारले की उत्तर येते, झीग्लर-निकोल्स. ती पद्धत १९४२ ची आहे, आणि प्रत्येक उसळी आधीच्या उसळीच्या एक चतुर्थांश व्हावी हेच तिच्या कर्त्यांचे उद्दिष्ट होते. म्हणजे ओव्हरशूट त्या आकड्यांत मुळातच धरलेला आहे. समोरच्या फझीचे नियम मात्र विद्यार्थ्याने आठवडाभर बसून हाताने घासूनपुसून घेतलेले असतात. ही तुलना दोन नियंत्रकांची होत नाही. एकावर दहा मिनिटे आणि दुसऱ्यावर आठ दिवस खर्च केल्याचा फरक तेवढा त्यात दिसतो.

तुलना करायची तर दोन्हींना सारखा वेळ द्यावा, आउटपुटच्या मर्यादा आणि सॅम्पलिंगचा काळ सारखा ठेवावा, मोजमापात प्रत्यक्षातला गोंगाट घालावा, आणि केवळ सेटपॉइंट बदलून न थांबता मधेच भट्टीचे दार उघडून पाहावे. व्हॉल्व्ह किंवा कॉन्टॅक्टर किती वेळा हलला हेही मोजावे. बऱ्याच कामांत एवढे केल्यावर दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर पडतात.

सातपूर_तर्क

नियंत्रणशाळा सरांचे तुलनेबद्दलचे म्हणणे पूर्ण मान्य आहे, पण त्यातून फझीला काही अर्थ नाही असा समज होऊ नये म्हणून लिहितो.

लॉटफी झादेह यांनी फझी संचांचा लेख १९६५ मध्ये लिहिला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत लंडनमध्ये ममदानी आणि अस्सिलियन यांनी लहान वाफेच्या इंजिनावर फझी नियंत्रण चालवून दाखवले. पुढे डेन्मार्कमध्ये सिमेंटच्या भट्ट्यांवर ते बसले. सिमेंटच्या भट्टीचे नेमके समीकरण मांडणे अतिशय अवघड असते, पण कसलेला ऑपरेटर आतल्या ज्वाळेचा आणि मालाचा रंग पाहून ती चालवत असतो. त्याचे शहाणपण नियमांत उतरवणे हाच तिथला सरळ मार्ग होता. १९८७ मध्ये जपानमधल्या सेंदाईची भुयारी रेल्वे फझी नियंत्रणावर सुरू झाली. तिथे प्रवाशांना धक्का न बसणे, फलाटावर नेमक्या जागी थांबणे आणि वीज वाचवणे अशी परस्परांना ओढणारी उद्दिष्टे एकाच वेळी तोलायची होती.

फझी म्हणजे अंधुक किंवा बेभरवशाचे, असे अनेकांना वाटते. नियम एकदा ठरले की तोच इनपुट दिल्यावर दर वेळी तेच आउटपुट येते. चूक आणि चुकीचा वेग या दोन इनपुटांचे सात-सात भाग केले तर ४९ नियम होतात. त्यांचा तक्ता आधीच काढून ठेवला तर अगदी लहान प्रोसेसरही तो वेळेत वाचू शकतो. पीएलसीच्या (कारखान्यातल्या नियंत्रण-संगणकाच्या) भाषांचे जे आयईसी ६११३१ मानक आहे त्याचा सातवा भाग २००० सालापासून खास फझी नियंत्रणासाठीच आहे. मी स्वतः सातपूरला एका प्लेटिंग लाइनवर रसायनाच्या डोसिंगसाठी असे २५ नियम बसवले, आणि ती लाइन चार वर्षे त्यावर चालू आहे. तिथे पीएच सातच्या आसपास इतका झपकन बदलतो की एका ठरावीक गेनचा (चुकीला किती जोराने उत्तर द्यायचे त्या आकड्याचा) पीआयडी एक तर झोपतो किंवा हंटिंग करतो, म्हणजे सतत वरखाली झुलतो.

गोदातीर

सातपूर_तर्क, पीएचचे उदाहरण अगदी योग्य जागचे आहे. एक भर घालतो. ऑपरेटरकडे पाहून नियंत्रक बनवणे ही फझीचीच खासियत मानली जाते, पण पीआयडीची मांडणीही तशीच झाली. मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूबद्दल लिहिले तेव्हा त्यांच्यासमोर कसलेला सुकाणूधर होता. जहाज आत्ता किती भरकटले आहे, ते किती वेळ भरकटलेले आहे आणि कोणत्या वेगाने भरकटते आहे, या तिन्हींचा विचार करून तो चाक फिरवतो.

नियंत्रणशाळा

पीएचच्या बाबतीत मीही फझीच लावेन, किंवा पीएचच्या पट्ट्यांनुसार पीआयचे वेगवेगळे आकडे लावेन. दोन्हींचा आशय एकच आहे. एक तांत्रिक मुद्दा मात्र नोंदवतो. दोन इनपुटांच्या फझीचे सर्व भाग सारख्या रुंदीचे ठेवले आणि नियम सरळ क्रमाने लावले तर जो नियंत्रक तयार होतो तो पीआय किंवा पीडीच्या फार जवळचा असतो. फझीचा खरा लाभ तेव्हाच मिळतो जेव्हा ते भाग मुद्दाम असमान ठेवले जातात, आणि ते कसे असमान ठेवायचे हे त्या यंत्राच्या स्वभावावरून कळावे लागते. तेवढा स्वभाव कळला असेल तर तीन आकड्यांचे दोन-तीन संच ठेवूनही काम भागते. फरक इतकाच की तीन आकड्यांऐवजी ४९ नियम पुढच्या माणसाच्या हाती सोपवावे लागतात.

सिन्नर_रात्रपाळी

मी ऑपरेटर आहे, म्हणून पुढच्या माणसाच्या बाजूने लिहितो. रात्री अडीच वाजता लूप हंटिंग करू लागला की मी आधी मॅन्युअलवर टाकतो, तापमान हाताने स्थिर करतो आणि मग गेन थोडा कमी करून पुन्हा ऑटोवर घेतो. एवढे मला शिकवलेले आहे. ज्या यंत्रात न्यूरलचा कंट्रोलर आहे तिथे मला फक्त मॅन्युअलवर टाकता येते आणि सकाळपर्यंत तो मॅन्युअलवरच राहतो. भट्टीकरांनी विक्रेत्याला विचारावे की रात्री बिघडल्यावर ऑपरेटरने काय करायचे, आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

ओझरकर

सिन्नर_रात्रपाळी यांचा मुद्दा विमानांच्या क्षेत्रात अधिकच काटेकोर होतो. तिथल्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी हा दस्तऐवज मानला जातो. त्यात कोडचा प्रत्येक भाग कोणत्या गरजेसाठी लिहिला आहे हे दाखवावे लागते. शिकलेल्या न्यूरल नेटवर्कमधला एखादा आकडा ०.४३१ का आहे याचे असे उत्तर देता येत नाही, म्हणून उड्डाणाच्या मुख्य लूपमध्ये ते बसवणे आजही फार कठीण आहे.

दुसरी गोष्ट. रिअल-टाइम म्हणजे वेगवान असे अनेक जण धरून चालतात. खरा अर्थ ठरल्या वेळेच्या आत, दर वेळी, असा आहे. सरासरी तीन मिलिसेकंदांत होणारे गणित क्वचित चौदा मिलिसेकंद घेत असेल आणि स्कॅन (नियंत्रकाची एक फेरी) दहा मिलिसेकंदांचा असेल, तर त्या नियंत्रकाने मुदत चुकवली असेच मानावे लागते. आणि ही चूक बहुधा नियंत्रणाच्या गणितात नसतेच. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होत होता. हवामानाची माहिती गोळा करणारे कमी महत्त्वाचे काम सामाईक माहितीवरचे एक कुलूप धरून बसे, मधल्या महत्त्वाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत, आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्याच कुलपासाठी खोळंबून मुदत चुकवत असे. पृथ्वीवरून एक सेटिंग बदलून ते दुरुस्त झाले.

भट्टीकरांच्या भट्टीला सेकंदाला एक सॅम्पल भरपूर आहे. तिथे वेळेच्या दृष्टीने फझी, न्यूरल आणि पीआयडी तिन्ही आरामात बसतात, तेव्हा विक्रेत्याने प्रोसेसरच्या वेगाचे कौतुक सांगितले तर त्यासाठी पैसे मोजू नयेत.

अंतिमवर्ष

मी भट्टीकरांची तीच भाची. नियंत्रणशाळा सर, तुमचे वाचून मी माझा आलेख पुन्हा काढला. मीही झीग्लर-निकोल्सचेच आकडे वापरले होते. गेन निम्मा केला, इंटिग्रलवर मर्यादा घातली आणि सेटपॉइंट एकदम न देता चढत्या उताराने दिला. ओव्हरशूट २८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. माझ्या फझीचा ३ टक्के होता.

न्यूरलबद्दलही सांगते, कारण ते मी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोटरवर केले आहे. लहान डीसी मोटर होती आणि सॅम्पलिंग दहा मिलिसेकंदांचे होते. ६०० ते १२०० आरपीएम आणि अर्ध्या भारापर्यंतच्या नोंदी घेऊन नेटवर्क शिकवले. त्या पट्ट्यात ते पीआयपेक्षा स्पष्टपणे चांगले चालले, विशेषतः सुरुवातीच्या घर्षणातून मोटर सुटताना. मग मी १५०० आरपीएम आणि पूर्ण भार दिला. आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटले, मोटर तापल्याचा वास येऊ लागला आणि मला वीज तोडावी लागली. जे त्याने कधी पाहिलेच नव्हते तिथे त्याने काहीतरी उत्तर दिले होते, आणि ते उत्तर चुकीचे आहे हे सांगणारे आत काहीही नव्हते. आता मुख्य काम पीआय करतो आणि नेटवर्कला आउटपुटमध्ये फक्त अधिक-उणे १५ टक्के दुरुस्तीची परवानगी आहे. घर्षणाचा फायदा जवळजवळ तेवढाच मिळतो आणि नेटवर्क चुकले तरी पीआय सावरून घेतो.

मामा, तुम्हाला मी घाईने फझी सुचवले होते. रविवारी लॅपटॉप घेऊन येते, भट्टीच्या नोंदी एकत्र घेऊ.

नियंत्रणशाळा

अंतिमवर्ष, हा १५ टक्क्यांचा भाग अहवालात पहिल्या प्रकरणात घाल. मोटर तापल्याची नोंद गाळू नकोस, तुझ्या अहवालातली सर्वांत उपयोगाची नोंद तीच आहे.

दिंडोरीकर

वाईनच्या टाक्यांचा अनुभव लिहितो. दिंडोरी परिसरातल्या एका वायनरीत शीतकरणाची देखभाल मी पाहतो. द्राक्षरस आंबताना स्वतःच उष्णता सोडतो. पांढरी वाईन साधारण १२ ते १६ अंशांत ठेवायची असते, म्हणून टाकीच्या जॅकेटमधून थंड ग्लायकॉल फिरवतो. आमच्याकडे सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहेत, ते एक तर पूर्ण उघडतात किंवा पूर्ण बंद होतात. कोणीतरी हौसेने त्यांवर पीआयडी लावला. व्हॉल्व्ह दिवसरात्र टकटक करू लागले आणि एका हंगामात सहा कॉइल जळल्या. हजारो लिटरच्या टाकीचे तापमान तासाला अर्धा अंश हलते. तिथे अर्ध्या अंशाचे अंतर ठेवून चालू-बंद करणे पुरेसे होते. तेच परत लावले आणि कॉइल जळायच्या थांबल्या.

पण सॉफ्ट कम्प्युटिंगचा (फझी, न्यूरल अशा पद्धतींचा) उपयोग आम्हाला एक पायरी वर झाला. आमचे वाईनमेकर रोज ब्रिक्स (रसातली साखर) मोजून ठरवतात: साखर फार वेगाने उतरत असेल तर सेटपॉइंट एक अंश खाली घ्या, रेंगाळत असेल तर वर घ्या, आणि शेवटी साखर थोडी उरली असेल तर घाई करू नका. हे सगळे त्यांच्या बोलण्यातल्या थोडे, बरेच, फार अशाच शब्दांत असते. ते नऊ फझी नियमांत लिहिले. ते व्हॉल्व्हला हात लावत नाहीत, फक्त सेटपॉइंट सुचवतात आणि वाईनमेकर तो मान्य करतात.

सातपूर_तर्क

दिंडोरीकर, असे उदाहरण मी शोधतच होतो. खाली साधा लूप आणि वर अनुभवाचे नियम. सिमेंटच्या भट्ट्यांवरही फझी बहुतेक असेच वरच्या पायरीवर बसवले गेले.

भट्टीकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. सर्वांनी दिलेल्या वेळाबद्दल मनापासून आभार.

भाचीबरोबर दोन रविवार भट्टीजवळ बसलो. कंट्रोलरमध्ये पीआयडीच्या आकड्यांचे चार संच ठेवण्याची सोय आहे, हे मला सहा वर्षांत माहीत नव्हते. ३०० अंशांखाली वेगळा संच लावला, हीटरचे आउटपुट २५ टक्क्यांवर बांधले, सेटपॉइंट मिनिटाला तीन अंशांनी चढवला आणि इंटिग्रल शेवटच्या २० अंशांतच सुरू होईल असे केले. छतातले थर्मोकपल काढून पातळ आवरणाचे नवे थर्मोकपल चार्जच्या (एका वेळी भट्टीत भरलेल्या मालाच्या) उंचीवर बाजूने घातले. १५० किलोच्या चार्जला आता २०६-२०७ च्या पुढे तापमान जात नाही. एकूण खर्च थर्मोकपलचा आणि भोक पाडण्याचा.

अडचण उरली आहे ती ४०० किलोच्या चार्जची. थर्मोकपल २०० दाखवते तेव्हा मधला जॉब १४०-१५० वरच असतो. मधल्या जॉबला भोक पाडून त्यात दुसरे थर्मोकपल घातल्यावर हे कळले. इतके दिवस आम्ही सोकिंगची (ठरल्या तापमानावर मुरत ठेवण्याची) वेळ चुकीच्या क्षणापासून मोजत होतो.

गोदातीर

मधल्या थर्मोकपलवर बाहेरचा लूप आणि भट्टीच्या थर्मोकपलवर आतला लूप, असे कॅस्केड करता येईल. बाहेरच्या लूपला भट्टीचा सेटपॉइंट २१५ च्या वर नेऊ देऊ नका.

सातपूर_तर्क

८० किलो आणि ४०० किलो यांना आउटपुटची मर्यादा सारखी ठेवून चालणार नाही. ती कितीवर बांधायची हे चार्ज हलका, मध्यम की जड यावरून, जॉब दाटीने रचले आहेत की मोकळे यावरून आणि भट्टी आधीची किती तापलेली आहे यावरून ठरेल. इथे मात्र मी फझी नियम सुचवेन, तुमच्या भट्टीवाल्या माणसाशी बोलून लिहिलेले.

नियंत्रणशाळा

मी तीन ओळींचा तक्ता भिंतीवर लावेन. पण वजन, रचना आणि आधीची उष्णता अशा तीन गोष्टी खरोखरच एकत्र फिरत असतील, तर तक्ता २७ ओळींचा होईल आणि तो भिंतीवरून कोणी वाचणार नाही. तेव्हा सातपूर_तर्क यांचे म्हणणे मानावे लागेल. आधी नोंदी पाहू.

भट्टीकर

सहापट किमतीचा कंट्रोलर नको म्हणून विक्रेत्याला कळवले. त्या पैशांत पंखा असलेली जुनी टेम्परिंग भट्टी मिळते का, हे पाहतो आहे. तोपर्यंत ४०० किलोच्या पाच चार्जच्या नोंदी घेतो, दोन्ही थर्मोकपलच्या, दर मिनिटाला एक, आणि प्रत्येक चार्जचे वजन व रचनेचा फोटो यांसह. आमचा भट्टीवाला म्हणतो की दाटीने रचलेला चार्ज तो दाराच्या फटीतून येणाऱ्या उष्णतेवरून ओळखतो. त्याचेही म्हणणे प्रत्येक नोंदीसमोर लिहून ठेवतो. नोंदी इथेच टाकेन.